टाकीत वाईट कोणी घातलंन?

नम्रताचं नाव ठेवणारी आत्या केव्हाच देवाघरी गेली, नाहीतर वाडीने तिला गाठून जाब विचारला असता. भाट्याच्या खाडीपलीकडल्या त्या वाडीत नम्रतासारखी फटकळ बाई दुसरी नव्हती, आणि तिला स्वतःला त्याचा थोडा अभिमानही होता. चिपळूणच्या सासरी तिचं नवऱ्याशी पटलं नाही, सासूशी तर त्याहून नाही. शेवटी घटस्फोट झाला तेव्हा तिने पोटगीवर पाणी सोडलं, पण लग्नात आईने दिलेला तांब्याचा हंडा सोडला नाही. कोर्टाच्या आवारात सासूशी भांडून तो घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून माहेरी आणला. पोटगी सोडून हंडा धरणाऱ्या बाईला शहाणी म्हणायचं की वेडी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

माहेर म्हणजे आता धाकट्या भावाचं, संदेशचं घर. आईवडील दोघंही गेलेले. वडिलांच्या बाराव्यानंतर संदेशने पुढे केलेल्या हक्कसोडीवर तिने न वाचता सही केली होती. बहिणी करतात तशीच. भावाने साडी दिली, हिने डोळे पुसले आणि सही ठोकली. आपल्याला कधी परत यावं लागेल हे तेव्हा तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यामुळे आता कायद्याने त्या घरातला एक चिरासुद्धा तिचा नव्हता. संदेशच्या बायकोला, सानिकाला, हे पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेली गोष्ट न बोलता गिळणं सानिकाच्या स्वभावात नव्हतं.

नम्रताला मिळाली परसातली खोली. खोली झकास होती. स्वतंत्र दार, लागून न्हाणी, खिडकीतून माडांच्या मधून समुद्र दिसायचा. इथेच तर घोडं पेंड खात होतं. संदेशने घराचा होमस्टे केला होता, आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना नेमकी तीच खोली हवी असायची.

"ताये, दिवाळीच्या सिझनला ती खोली लागंल मला," संदेश एका सकाळी घरापुढच्या खळ्यातूनच म्हणाला. "तोवर तुझं कायतरी बघ."

"कायतरी म्हणजे काय?"

"लांज्याला काजूच्या कारखान्यात बायका घेतात. राहायची पण सोय करतात म्हणे."

"बी.एस्सी. केमिस्ट्री झालेय मी. काजू सोलायला नाय झाले," नम्रता म्हणाली आणि हातातल्या तांब्यातलं पाणी त्याच्या पायाशी ओतून आत गेली.

त्या बी.एस्सी.चा उपयोग एवढाच झाला होता, की रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट वाटायची नोकरी मिळाली. पगार असा, की भाड्याची खोली घेतली तर जेवायचं काय हा प्रश्न. त्या लॅबच्या डॉक्टरांनी बाकड्यांसमोर समुद्री टाकी ठेवली होती. आत खडक, खडकांवर फुलांसारखी दिसणारी जिवंत जनावरं, आणि त्यांच्यात घुटमळणारे दोन नारिंगी मासे. रक्त द्यायला आलेली माणसं तिकडे बघत सुई विसरायची. टाकीची देखभाल करायला पुण्याहून एक माणूस यायचा. एकदा डॉक्टरांनी ती समोरच्या भिंतीला हलवायचं काढलं तेव्हा त्याने सरळ हात जोडले.

"साहेब, भरलेली टाकी हलवू नका. हलवलीत की आतलं सगळं मेलं समजा."

नम्रता रिपोर्टांना पिना मारत होती. ती पिना मारायची थांबली.

तेव्हा खरं सांगायचं तर सुरुवात हौसेने झाली नाही, खुन्नसने झाली. खोलीत असं काहीतरी बसवायचं जे भावाला उचलून बाहेर ठेवता येणार नाही, एवढाच डाव होता. तिने पुण्याच्या माणसाला विचारलं, घरी अशी टाकी करायची तर काय काय लागतं? त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गप्पी पाळा. गोड्या पाण्यातले. ते स्वस्तात होतं." झालं. असं कोणी म्हटल्यावर नम्रता मागे फिरणारी नव्हे.

हातखंब्याला हायवेच्या रुंदीकरणात एक हॉटेल बंद पडलं होतं. त्याची काचेची टाकी मागच्या बाजूला कोंबड्यांच्या घाणीत लोळत होती. मालकाशी हुज्जत घालून ती नम्रताने भंगाराच्या भावात उचलली, गोणपाटात गुंडाळून टेम्पोत घातली, आणि घरी आणून गळका सांधा सिलिकॉनने बुजवला. लोखंडी स्टँड परवडेना, म्हणून जांभ्या चिऱ्यांचा कट्टा रचला. चिरे संदेशच्या बांधकामातले उरलेले होते. विचारायच्या फंदात ती पडली नाही. दिवा आणि लाटा करणारा पंप या दोन गोष्टींत मात्र काटकसर करायची नाही असं तिने मोबाइलवर वाचलं होतं. त्यासाठी तिने मंगळसूत्राच्या वाट्या विकल्या.

"वाट्या इकल्यात?" सानिकाने तोंडावर हात ठेवला. "माशांसाठी?"

"नवऱ्यापेक्षा मासे बरे. तोंड उघडतात पण बोलत नायत."

पाणी समुद्राचं, म्हणजे फुकट. पण खाडीच्या तोंडाचं चालत नाही, त्यात गोडं मिसळलेलं असतं. म्हणून ती भरतीच्या वेळेला लांबच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, जायची आणि स्कूटीवर पुढे एक, मागे एक असे कॅन भरून आणायची. जाळी विणत बसलेले कोळी हसायचे. "काय गो, समुद्र घरी नेतंस काय?" ती गाडी न थांबवता म्हणायची, "तुमच्या बापाचा असंल तर सांगा, परत आणून ओतते." ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांतून तिने गुलाबी खपली चढलेले दगड गोळा केले, शंख गोळा केले, दुसऱ्याच्या शंखात घुसून राहणारे चिमुकले खेकडे आणले. एका दगडावर बटणाएवढी हिरवी फुलं होती, कडेला झालर असलेली. फुलं म्हणायचं आपलं, ती जनावरंच. पोवळ्याला तिने बोट लावलं नाही. तो कायद्याने गुन्हा, आणि तक्रार करायला घरचीच माणसं टपलेली.

अशी टाकी भरली की लगेच मासे सोडता येत नाहीत. पाणी मुरावं लागतं. आधी ते गढूळ झालं, मग काचेवर तपकिरी शेवाळ आलं, मग वास सुटला. सानिका नाकाला पदर लावून खिडकीखालून जायची आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्याकडे गटार पण घरात हाय." नम्रता काच खरवडत राहिली. वास गेला, पाणी निवळलं. कोल्हापूरच्या दुकानातून मागवलेली दोन नारिंगी पिल्लं तिने हळूच पाण्यात सोडली. दुसऱ्या सकाळी दिवा लावला, तर दगडावरची मिटलेली बटणं एकेक करून उघडायला लागली. नम्रता चहाचा कप हातात घेऊन बघत राहिली. कप कोमट झाला. तिच्या येण्याने या घरात आजवर कोणाचा चेहरा असा उघडला नव्हता. खुन्नस होती ती होतीच, पण आता वर मायाही लागली, आणि माया लागलेल्या माणसाशी भांडणं फार कठीण असतं.

संदेशला त्याचा अनुभव दिवाळीत आला. दोन माणसं घेऊन तो खोली रिकामी करायला आला. नम्रता दारातून बाजूला झाली. "उचला," ती म्हणाली. गड्यांनी कट्ट्याच्या कडेने टाकी नुसती जरा कलवली, तर भसकन पाणी त्यांच्या पायांवर आलं आणि मासे कोपऱ्यात दडले. पडवीत बसलेले पाहुणे उठून मोबाइल घेऊन बघायला आले.

"दिवाळीत जीव घेणार हायस तर घे हो," नम्रता मोठ्याने म्हणाली. "पाहुण्यांसमोर घे. छान फोटो येतील."

संदेश लाल झाला. गड्यांना चहा पाजून त्याने वाटेला लावलं. त्या दिवसापासून बहीणभावांचं बोलणं बंद झालं, आणि लढाई सानिकाच्या हातात गेली.

सानिका काही लेचीपेची नव्हती. दिवसभर राबून पाहुण्यांचं जेवण काढणारी, पदरात लहानगा पोरगा असलेली बाई, आणि तिचंही खरंच होतं. बँकेचे हप्ते तिच्या मोदकांतून जात होते, आणि घरातली सगळ्यात महाग खोली अडवून बसलेली नणंद वर विजेच्या बिलाचा एक रुपया देत नव्हती. तिने खिडकीवर ओल्या चादरी वाळत घातल्या. बारीक मासळी नम्रताच्या उंबऱ्यावर साफ केली. आणि एक दिवस पाण्यावरून ठिणगी पडली.

टाकीतलं पाणी रोज वाफेने कमी होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून गोडं स्वच्छ पाणी घालत राहावं लागतं. नम्रता ते स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून नेत असे.

"ताई, फिल्टर माणसांसाठी हाय," सानिका नळावर हात ठेवून म्हणाली. "पाहुण्यांना पुरत नाय, आणि तुमी माशांना पाजताय."

"हा फिल्टर बाबांच्या भिंतीला लावलायस."

"भिंत आता कोणाची हाय ते सांगू काय?"

नम्रताने हातातला डबा तिथेच ओट्यावर आपटला. "तुझ्या घरचा पाण्याचा थेंब नको मला. मेले तरी नको."

तेव्हापासून ती विहिरीचं पाणी काढायची, फडक्याने गाळायची, गाळ बसावा म्हणून आपल्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायची आणि सकाळी टाकीत घालायची. हंडा तिचा, विहीर वडिलांनी खणलेली, कोणाच्या बापाचं मिंधेपण नाही. शिवाय तांब्यातलं पाणी चांगलं असतं हे तिला आईने शिकवलं होतं.

उन्हाळा लागला तसं पाणी जास्त उडायला लागलं आणि हंडा दुप्पट रिकामा व्हायला लागला. आधी शंख काचेवरून गळून पडले. नंतर खेकडे शंखातून अर्धे बाहेर येऊन तसेच राहिले. मग हिरवी बटणं मिटली, ती उघडलीच नाहीत. चार दिवसांत पांढुरकी होऊन विरघळली. मासे तेवढे राहिले. पुण्याच्या टाकीवाल्यांच्या ग्रुपवर तिने फोटो टाकले. कोणी विचारलं, औषध घातलं का, कोणी विचारलं, धातू लागला का कुठे? तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं: माझ्याकडून काही नाही. आणि ते लिहिता लिहिताच तिची नजर खिडकीबाहेर गेली. सानिका पाहुण्यांची न्हाणी धुऊन फिनेलचा डबा घेऊन चालली होती.

नम्रता तशीच बाहेर आली.

"घातलंस ना? फिनेल घातलंस ना माझ्या टाकीत?"

"काय बोलताय काय?"

"माझा राग माझ्यावर काढायचा होतास. मुकी जनावरं मारलीस गो तू! हातात किडे पडतील तुझ्या!"

वाडी गोळा झाली. पाहुणे गोळा झाले. सानिकाने डबा खाली ठेवला. "चला देवळात," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चला. देवापुढं नारळ ठेवा आणि घाला गाऱ्हाणं. बघूंदे कोणाच्या हातात किडे पडतात ते."

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. नम्रता देवदेव करणारी नव्हती, लॅबमध्ये तर ती नवस बोलणाऱ्यांची टिंगल करायची. पण सगळ्या वाडीसमोर सानिकाने म्हटल्यावर मागे कसं सरायचं? ती पायात चप्पल न घालता ग्रामदेवाच्या देवळात गेली. आप्पा गुरवाने नारळ ठेवला आणि खड्या आवाजात देवाला साकडं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या या लेकीच्या टाकीतल्या जिवांना ज्या कोणी, जाणतेपणी म्हण, अजाणतेपणी म्हण, वाईट घातलंन असंल, तो जो कोणाचा हात असंल, त्या हाताला तुझा तू दाखवून दे!" जमलेली माणसं रिवाजाप्रमाणे म्हणाली, "होय म्हाराजा."

नम्रताची छाती फुगली. सानिका ताठ मानेने घरी गेली.

पण नारळ ठेवल्याचा परिणाम झाला, आणि तो नम्रताच्या बाजूने झाला. वाडीत कुजबुज सुरू झाली, की धूर आहे तिथे आग असणारच. भावजयीने नणंदेच्या टाकीत विष घातलंन, हे कोळ्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत पोचलं. संदेशला बाजारात टोमणे बसायला लागले. तो खोलीचं नावच काढेना. इतक्या महिन्यांत जे तिच्या जिभेला जमलं नव्हतं ते एका नारळाने केलं. ती नव्या दगडांच्या शोधात परत खडपावर जायला लागली.

अशातच एका रविवारी तिने हंडा घासायला घेतला. सानिकाने आगळ काढून फेकलेली कोकमाची सालं परसात पडली होती, ती तिने मूठभर उचलली आणि हंड्याच्या आत चोळली. हंड्यातून हिरवं निळं पाणी निघालं. तिने परत चोळलं. परत हिरवं. तळाला पोपटी थर बसला होता, नखाने निघत होता. आंबट ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर कळकतं आणि माणसाला बाधतं, हे वाडीतली शाळेत न गेलेली बाईसुद्धा सांगेल. कोकणच्या विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, तेही किंचित आंबटच. ते रोज रात्री तांबं खात होतं आणि रोज सकाळी ती ते आपल्या हाताने टाकीत ओतत होती. पाणी उडून जायचं, तांबं उडत नव्हतं. माशांना तेवढं तांबं सोसतं, शंखांना आणि खेकड्यांना सोसत नाही. फिनेल असतं तर आधी मासे उलटे झाले असते. मासे तर मजेत होते. बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास, आणि इतके दिवस हे डोक्यात आलं नव्हतं, कारण डोक्यात सानिका बसली होती.

नम्रता विहिरीच्या कठड्यावर बसली. ज्या हाताने वाईट घातलंन तो हात, आणि तो तर हा, सालं चोळून लाल झालेला. देवावर तिचा विश्वास नव्हता, तरी तिने तो हात पदराखाली घेतला.

सांगितलं तर खोली गेली. सांगितलं तर त्याच क्षणी संदेश टेम्पो बोलावणार, वाडी तोंडावर थुंकणार, आणि लांज्याच्या काजूच्या कारखान्यात तिची गठडी वळणार. नाही सांगितलं तर काय? कोणाला काय कळतंय? हंडा घासून चकचकीत झाला, तिने तो पलंगाखाली सरकवला आणि लॅबमधून येताना वाण्याकडून प्लास्टिकची बादली आणली. ती गप्प बसली. तिच्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड गेलं असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

मे महिना उजाडला. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ऐन गर्दीत सानिका चादरींची बादली घेऊन विहिरीवरून येताना ओल्या चिऱ्यावर घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालूनही हाड नीट बसेना, डॉक्टर म्हणाले, परत बघावं लागेल. मोदक थांबले. पाहुणे बाहेर जेवायला जायला लागले. वाडीतल्या बायका विचारपूस करायला आल्या, प्लास्टरकडे बघून एकमेकींकडे बघत गेल्या. देवाने हात दाखवून दिला, हे बोलल्यासारखंच होतं ते. नम्रता ते खिडकीतून बघत होती आणि जेवणाचं ताट तसंच मागे सारत होती.

एका दुपारी सानिका तिच्या दारात आली. आजवर ती या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आली आणि टाकीसमोर खाली जमिनीवर बसली. केस विस्कटलेले होते. एका हाताने विंचरता येत नव्हते.

"ताई, गाऱ्हाणं उतरवा," ती म्हणाली.

"कशाला? तू तर काय केलं नव्हतंस."

"फिनेल नाय घातलं. पोराची आण." सानिकाचा आवाज फुटला. "पण मी बटण बंद करायची. पाहुण्यांनी दुपारी एसी लावला की लाइट उडायची. म्हणून मी पडवीतल्या बोर्डावरनं तुमच्या पंपाचं बटण खाली करायची, तुमी यायच्या आधी परत वर करायची. माझ्या ध्यानातच आलं नाय तेव्हा. आप्पा बोलले ना, अजाणतेपणी. याच हाताने करायची मी." तिने प्लास्टरचा हात पुढे केला. "खोली ठेवा तुमी. यांना मी सांगते, जन्मभर ठेवा. पण उतरवा. उद्या दुसरा हात गेला तर मी पोराला भरवू कशी?"

आणि सानिका वाकली. तिचं डोकं नम्रताच्या पायाला लागलं.

हेच तर हवं होतं! खोली, आणि वर सानिकाचं नाक खाली. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. पंपाने दुपारची चार घटका विश्रांती घेतली म्हणून काही मेलं नसतं हे नम्रताला माहीत होतं, आणि ते या घरात दुसऱ्या कोणाला कधीच कळणार नव्हतं. पण पायावर टेकलेलं ते विस्कटलेलं डोकं तिला सहन होईना. सानिकाच्या शिव्या तिला चालत होत्या. सानिकाची ताठ मान चालत होती, तिच्याशी दोन हात करूनच तर ती या घरात इतके दिवस तगली होती. ही वाकलेली, भ्यालेली बाई तिला बघवेना. लाज वाटली तिला. आयुष्यात पहिल्यांदा इतकी लाज वाटली.

"ऊठ," ती खेकसली. "ऊठ म्हणते ना! तुझ्या बटणाने काय नाय झालं. मी मारली."

"माझ्यावर दया नका करू..."

"दया? तुझ्यावर?" नम्रताने पलंगाखालून हंडा ओढून काढला आणि तिच्यापुढे आदळला. "या हंड्यातलं पाणी घालत होते मी. तांबं उतरलं त्यात. तुझ्या फिल्टरचं पाणी घेतलं असतं तर सगळं जगलं असतं. मला महिना होऊन गेला कळून. गप्प बसले. तुझा हात मोडला तरी गप्प बसले. ऐकलंस?"

सानिकाने हंडा जवळ ओढून आत पाहिलं. मग तिने डाव्या हाताने डोळे पुसले, नाक पुसलं, भिंतीला धरून उभी राहिली. उभी राहताना तिची मान आपोआप सरळ झाली.

"महिना," ती म्हणाली. "महिनाभर वाडी मला चेटकीण म्हणतेय. पोराला कोण खेळायला घेत नाय. आणि तुमी इथं बसून मासे बघत होता."

"होय."

"आमच्या यांना मी तुमच्या पाया पडून यायला सांगितलं असतं हो ताई. तुमच्या!" सानिकाने दाराची कडी धरली. "उद्या सकाळी देवळात या. मला बोललात तसं तिथं बोला. आणि संध्याकाळी खोली रिकामी करा. पाहुणे घ्यायचेत मला."

"करते."

"टाकी राहूंदे. पाहुण्यांच्या पोरांना आवडते."

"काच ठेव. मासे माझे आहेत."

"न्या. कळकलेले मासे मला नकोत," सानिका म्हणाली आणि दार धाडकन ओढून गेली.

सकाळी देऊळ भरलं होतं. सानिकाने रातोरात घरोघरी निरोप धाडला होता, आणि तिला कोण दोष देईल? संदेश खांबाला टेकून उभा होता, बहिणीकडे न बघता. आप्पा गुरवाने नवा नारळ ठेवला. "काय सांगू देवाला?"

"सांगा, तो हात सापडला. माझाच होता," नम्रता पुटपुटली.

"अशी नाय. त्या दिवशी कशी ठणकावून बोललीस? तशी बोल."

नम्रताने वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं. हंडा सांगितला, तांबं सांगितलं, महिनाभर गप्प बसले तेही सांगितलं. शेवटी सानिकाचं नाव घेतलं आणि म्हणाली की तिने काही केलेलं नाही. मग आप्पांनी हात जोडले आणि तेच सगळं आपल्या खड्या आवाजात देवाच्या कानावर घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक, हिने स्वतःच्या हाताने वाईट केलंन!"

"होय म्हाराजा!" देऊळ घुमलं.

नवऱ्याने कधी तिच्या कुठल्या बोलण्याला होय म्हटलं नव्हतं. सासूने नाही, भावाने नाही, वाडीने तर नाहीच. आज सगळे एका सुरात होय म्हणाले, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज सानिकाचा होता.

"आणि त्याचं खापर बिनदोष बाईच्या माथ्यावर फोडलंन!"

"होय म्हाराजा!"

नम्रताने डोळे मिटले नाहीत. ती हात जोडून उभी राहिली. आप्पा गुरवाला गाऱ्हाणं आटोपतं घ्यायची सवय नव्हती, आणि आज तर ते नुकतं कुठे सुरू झालं होतं.